भावजींची कात्रणं आणि लिव्हरपूलमधली लेक

पत्र: ‘माझी मुलगी सप्टेंबरपासून लिव्हरपूलला एम.एस्सी. करते आहे. माझे धाकटे दीर डोंबिवलीला असतात. त्यांना वाचनाची भारी आवड, त्यामुळे घरच्या ग्रुपवर रोज सकाळी ब्रिटनमधल्या पेपरांची कात्रणं टाकतात. कधी “ब्रिटन गोठणार”, कधी “परदेशी विद्यार्थ्यांना दारं बंद”, कधी रस्त्यावर सुरे घेऊन फिरणाऱ्या पोरांचे फोटो. माझा अख्खा दिवस त्या धास्तीत जातो. मुलीला फोन केला तर ती म्हणते, “आई, तो पेपर इथं कुणी हातातसुद्धा धरत नाही.” भावजी म्हणतात, “वहिनी, इंग्लंडचा पेपर आहे, तिथं काहीही छापून चालत नाही, लगेच कोर्टात खेचतात.” मला दोघांचंही पटतं, हीच अडचण आहे. कुठला पेपर भरवशाचा आणि कुठला नुसता सनसनाटी, हे ओळखायचं कसं? पैसे भरून एखादा चांगला पेपर सुरू करावा का? आणि भावजींना न दुखावता काय सांगू?’ — एक आई, सांगली

ताई,

पेपरचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. पण ‘इथं कुणी हातात धरत नाही’ असं लिव्हरपूलमधून कुणी म्हणालं, की तो ‘द सन’ असणार हे डोळे झाकून सांगता येतं. तुमची लेक उगाच नाक मुरडत नाहीये. त्या शहरातल्या कितीतरी दुकानांत हा पेपर ठेवतच नाहीत आणि लिव्हरपूल फुटबॉल क्लबने २०१७ मध्ये ‘सन’च्या वार्ताहरांना मैदानात यायलाच बंदी केली. त्यामागचं कारण १९८९ सालचं आहे. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए कपचा उपांत्य सामना होता. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना ज्या बाजूला उभं केलं होतं, तिथं प्रमाणाबाहेर गर्दी सोडली गेली. पुढे लोखंडी कुंपण, मागून माणसांचा लोंढा. लोक उभ्या उभ्या चिरडले. मृतांचा आकडा शेवटी ९७ झाला. त्यातला शेवटचा माणूस त्या दिवशीच्या दुखापतींमुळे २०२१ मध्ये गेला. दुर्घटनेनंतर चार दिवसांनी ‘सन’ने पहिल्या पानावर भल्यामोठ्या टायपात मथळा दिला, ‘हेच सत्य’. त्याखाली तीन ओळी होत्या: काही प्रेक्षकांनी मृतांचे खिसे कापले, काहींनी पोलिसांवर लघवी केली, आणि एक पोलीस तोंडाने श्वास देऊन माणूस वाचवत असताना काहींनी त्यालाच मारलं.

ही माहिती आली कुठून? शेफिल्डमधल्या एका वृत्तसंस्थेकडून. तिला ती पुरवली होती काही पोलिसांनी आणि तिथल्या एका खासदाराने. म्हणजे गर्दी ज्यांनी सांभाळायची होती, त्यांच्याच गोटातून ‘दोष गर्दीचा’ असं सांगितलं जात होतं. हाच मजकूर त्याच वाटेने इतर पेपरांकडेही गेला होता. त्यातल्या काहींनी तो छापलाही, पण ‘पोलिसांचा आरोप’ म्हणून. ‘सन’ने त्याला सत्य ठरवून टाकलं.

मी काही वर्षं पेपरात रात्रपाळीची उपसंपादक होते, म्हणून वाचकांना सहसा माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. मथळा वार्ताहर लिहीत नाही. तो रात्री डेस्कवर लिहिला जातो, जागा मोजून. ‘पोलिसांचा आरोप’ हे दोन शब्द खोडले, की मथळा मोठ्या टायपात बसतो. खालच्या बातमीतलं एक अक्षरही बदलावं लागत नाही. वाचणाऱ्याच्या डोक्यात मात्र वेगळीच बातमी जाते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीने पोलिसांचं नियंत्रण सुटणं हेच मुख्य कारण ठरवलं. २०१२ मध्ये एका स्वतंत्र समितीने जुनी कागदपत्रं उघडली, तेव्हा पोलीस खात्याने आपल्याच शिपायांचे जबाब बदलून घेतल्याचंही बाहेर आलं. त्यानंतर ‘सन’ने पहिल्या पानावर माफी मागितली. आरोप पहिल्या पानावर आला होता चार दिवसांत, पहिल्या पानावरची माफी यायला २३ वर्षं लागली. २०१६ मध्ये ज्युरीने निकाल दिला की हे मृत्यू बेकायदा कृतीमुळे झाले आणि प्रेक्षकांचा त्यात दोष नव्हता.

आता भावजींचा मुद्दा. तो अगदीच पोकळ नाही. इंग्लंडचा अब्रुनुकसानीचा कायदा कडक आहे. तिथं छापलेलं खरं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी छापणाऱ्यावर असते. २०१० च्या डिसेंबरात ब्रिस्टलमध्ये एका तरुणीचा खून झाला आणि पोलिसांनी तिच्या घरमालकाला पकडलं. हा निवृत्त शिक्षक. पुढचे काही दिवस पेपरांनी त्याचे केस, त्याचं एकटं राहणं, त्याच्या आवडीनिवडी असं सगळं चघळून त्याला जवळपास खुनी करून टाकलं. त्याचा काडीचाही संबंध नव्हता, खून दुसऱ्यानेच केला होता. २०११ च्या जुलैमध्ये आठ पेपरांना त्या गृहस्थांना भरपाई द्यावी लागली. शिवाय ‘सन’ आणि ‘मिरर’ यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दंड झाला, तो वेगळा. तेव्हा ‘कोर्टात खेचतात’ हे भावजींचं म्हणणं खरंच आहे.

पण कोर्टात जायला कुणीतरी एक माणूस लागतो, ज्याची नावानिशी बदनामी झाली आहे आणि जो जिवंत आहे. इंग्लंडच्या कायद्यात मेलेल्याची बदनामी होत नाही. ‘लिव्हरपूलचे प्रेक्षक’ यांसारख्या मोठ्या समूहालाही दावा लावता येत नाही. हिल्सबरोचा तो मथळा बरोबर या फटीतून निसटला.

भावजींची कात्रणं आता या नजरेने पुन्हा बघा. ‘ब्रिटन गोठणार’ ही बातमी खोटी ठरली, तर कोर्टात कोण जाणार? बर्फ तर जात नाही. ‘परदेशी विद्यार्थी’, ‘स्थलांतरित’, ‘आजची तरुण पोरं’ हेही कुणी वादी नव्हेत. सनसनाटी पेपरांचा हात नेमका इथंच सैल सुटतो. श्रीमंत नटाबद्दल किंवा मंत्र्याबद्दल लिहिताना पेपरचा वकील रात्री अकराला बातमीचा मजकूर वाचून घेतो. हवामानाबद्दल लिहिताना कोण कशाला वाचतोय! एखाद्या बातमीत उद्या दावा लावू शकेल असा माणूस दिसत नसेल, तर ती जरा जास्त सावकाश वाचायची. ही सवय तुम्ही आपल्याकडच्या पेपरांनाही लावू शकता.

हवामानाचंच घ्या. ‘डेली एक्स्प्रेस’ दर हिवाळ्यात बर्फाच्या प्रलयाचे मथळे देतो, म्हणून ब्रिटनमध्ये त्याची चेष्टा होते. मथळ्यात ‘उणे दहापर्यंत’ असं असतं. त्यातलं ‘पर्यंत’ आपण वाचत नाही. ते उणे दहा बहुतेकदा स्कॉटलंडच्या डोंगरातलं असतं. तुमची लेक समुद्रकाठच्या शहरात राहते, तिथं मोठा बर्फ क्वचितच पडतो; पावसाने आणि वाऱ्याने मात्र ती बेजार होणार, त्यासाठी तिला चांगला रेनकोट घ्यायला सांगा. तिथल्या सरकारी हवामान खात्याला ‘मेट ऑफिस’ म्हणतात. ते पिवळा, अंबर आणि लाल असे तीन इशारे देतं. लाल इशारा दिसला तर खुशाल काळजी करा, ती रास्त आहे.

व्हिसाच्या बातम्यांची तऱ्हा वेगळी. तिथं गोष्ट खोटी नसते, पण ती कुठल्या पायरीवर आहे ते गाळलेलं असतं. मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने स्थलांतराबद्दल श्वेतपत्रिका काढली. शिक्षण संपल्यावर परदेशी विद्यार्थ्यांना काम करण्यासाठी दोन वर्षं राहता येत होतं, ती मुदत १८ महिन्यांवर आणायचा प्रस्ताव त्यात होता. आता दोन वर्षांचे दीड वर्ष आणि ‘दारं बंद’ यात केवढं अंतर आहे बघा. श्वेतपत्रिका म्हणजे सरकारचा इरादा. नियम नंतर येतो, तो कुणाला आणि कुठल्या तारखेपासून लागू हे त्याहून नंतर ठरतं. गंभीर पेपरात हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात सापडतं. सनसनाटी पेपरात ते सापडलंच तर तळाशी. तुम्ही मात्र व्हिसाबाबत कुठल्याच पेपरवर अवलंबून राहू नका. ब्रिटिश सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर नियम सोप्या इंग्रजीत असतात, आणि मुलीच्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळं कार्यालय असणारच. सुरीहल्ल्यांबद्दल एवढंच म्हणेन, की तो तिथला खराखुरा प्रश्न आहे, पेपरांनी रचलेला नाही. पण कात्रणातली घटना कुठल्या शहरातली आणि कुठल्या वर्षातली ते आधी पाहा. लंडन आणि लिव्हरपूल यांच्यात साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे.

मथळा आणि मजकूर यांची फारकत कशी असते, याचा एक नमुना सांगते. युरोपीय संघातून बाहेर पडायचं का, यावर २३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. त्याआधी मार्चमध्ये ‘सन’ने मथळा दिला, ‘राणीचा ब्रेक्झिटला पाठिंबा’. ब्रिटनची राणी राजकारणात बाजू घेत नसे, त्यामुळे गहजब झाला. आत वाचलं तर काय होतं? २०११ मध्ये विंडसरला झालेल्या एका जेवणाच्या वेळी राणी युरोपीय संघाबद्दल नाराजीने बोलली, असं निनावी सूत्रांचं सांगणं. तेव्हा सार्वमत जाहीरसुद्धा झालं नव्हतं! राजवाड्याने तक्रार केली, आणि ‘इप्सो’ या वृत्तपत्रांच्या नियामक संस्थेने निकाल दिला की मथळ्याला मजकुराचा आधार नाही. हा निकाल ‘सन’ला छापावा लागला. पण ज्यांनी फक्त दुकानाच्या फळीवर तो मथळा पाहिला आणि पुढे गेले, त्यांच्यापर्यंत निकाल कधी पोचला असेल?

दुकानाची फळी म्हटलं ती मुद्दाम. आपल्याकडे पेपर दारात येऊन पडतो आणि बिल महिन्याला भरतो. मथळा मिळमिळीत निघाला म्हणून कुणी त्या दिवशीचा पेपर परत करत नाही. ब्रिटनमधले लोकप्रिय पेपर मात्र पिढ्यान्‌पिढ्या कोपऱ्यावरच्या दुकानात, एकमेकांशेजारी, रोज नव्याने विकले गेले. कामाला निघालेल्या माणसाने तीन सेकंदांत हात घालावा, यासाठी ते पहिलं पान असतं. ‘फायनान्शियल टाइम्स’ला त्याची तेवढी गरज नाही. त्याचे वाचक वर्षाची वर्गणी भरतात, आणि त्यांचे पैसे बातमीवर अवलंबून असतात. चुकीचा आकडा छापला तर तेच कान धरतील. आता इंटरनेटवर दुकानाच्या फळीची जागा क्लिकने घेतली आहे. फुकट साइटचं पोट क्लिकवर भरतं, त्यामुळे पेपरच्या छापील अंकापेक्षा त्याच पेपरची साइट जास्त भडक असल्याचं पुष्कळदा दिसतं. भावजींची कात्रणं बहुधा तिथलीच असावीत.

तुम्हाला यादी हवी आहे, तीही सांगते. ‘सन’, ‘मिरर’ आणि ‘डेली स्टार’ यांच्या नावामागे लाल पट्टी असते; म्हणून तिथं त्यांना ‘रेड टॉप’, म्हणजे लाल माथ्याचे पेपर म्हणतात. ‘टाइम्स’, ‘गार्डियन’, ‘टेलिग्राफ’, ‘फायनान्शियल टाइम्स’ हे गंभीर पेपर. यांच्या मधोमध ‘डेली मेल’ आणि ‘डेली एक्स्प्रेस’. आणि फसगत व्हायची ती इथंच. ‘मेल’चं नाव जुन्या वळणाच्या काळ्या अक्षरांत छापलेलं असतं, थेट ‘टेलिग्राफ’सारखं, त्यामुळे तो फार भारदस्त वाटतो. विकिपीडियाच्या इंग्रजी संपादकांनी मात्र २०१७ मध्ये ठरवलं, की ‘मेल’चा आधार सहसा घ्यायचा नाही. पानाच्या आकारावरूनही आता काही कळत नाही. पूर्वी मोठं पान म्हणजे गंभीर आणि अर्धं पान म्हणजे चटपटीत, असा सरळ हिशेब होता. ‘टाइम्स’ २००४ मध्ये छोट्या पानावर आला, ‘गार्डियन’ २०१८ मध्ये. मोठं पान धरून राहिले ते ‘टेलिग्राफ’ आणि गुलाबी कागदावरचा ‘फायनान्शियल टाइम्स’.

मालक बघून ओळखावं म्हणाल तर तेही जमत नाही. ‘सन’ आणि ‘टाइम्स’ एकाच घरचे, दोन्ही मर्डोक यांच्या कंपनीचे. हिल्सबरोचा २०१६ चा निकाल लागला, त्या रात्रीच्या पहिल्या आवृत्तीत ‘टाइम्स’च्या पहिल्या पानावर ती बातमी नव्हती, बाहेर ओरड झाल्यावर पुढच्या आवृत्तीत आली. गंमत म्हणजे मजूर पक्षाची बाजू घेणारा ‘मिरर’ आणि उजव्या बाजूचा ‘एक्स्प्रेस’ हेही आज एकाच कंपनीचे आहेत, आणि लिव्हरपूलचा स्थानिक पेपर ‘एको’सुद्धा तिचाच.

इथं एक घोळ बरेच जण घालतात. कल आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘गार्डियन’ डावीकडे झुकलेला आहे, ‘टेलिग्राफ’ उजवीकडे. अर्थसंकल्प एकच, पण दोघांची पहिली पानं वाचली तर दोन देश वाटतील. तरीही त्यात आकडे काय आहेत, अर्थमंत्री काय म्हणाले, हे दोघांकडेही सारखंच सापडेल. ब्रिटनमध्ये टीव्ही आणि रेडिओला निःपक्ष राहण्याची कायद्याने सक्ती आहे, पेपरांना नाही. पेपरने बाजू घ्यावी, हे तिथं गृहीतच आहे.

आणि गंभीर पेपर तोंडावर आपटत नाहीत असंही नाही. १९८३ च्या एप्रिलमध्ये ‘संडे टाइम्स’ने हिटलरच्या रोजनिश्या मिळाल्याचं वाजतगाजत जाहीर केलं, एका नामवंत इतिहासकाराचा दाखला घेऊन. दोन आठवड्यांत त्या बनावट निघाल्या. आपल्या घरचं उदाहरण तर तुमच्या सांगलीच्या शेजारचंच आहे. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू होऊन वर्षही झालं नसेल, तेव्हा कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध काही पत्रांच्या आधारे त्यांनी टीकेची झोड उठवली. ती पत्रं बनावट ठरली, आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू स्वच्छ होता, छत्रपतींची काळजी खरी होती. पण कागद खोटा होता.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर ‘मेल’वर अन्याय होईल. १९९३ मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा वंशद्वेषातून खून झाला आणि तपास रखडला. फेब्रुवारी १९९७ मध्ये ‘मेल’ने पाच संशयितांचे फोटो नावांसकट पहिल्या पानावर छापून वर ‘खुनी’ असा मथळा दिला, आणि ‘आम्ही चूक असू तर खटला भरा’ असं आव्हान दिलं. कुणीही खटला भरला नाही. २०१२ मध्ये त्यातल्या दोघांना शिक्षा झाली. मघाची कसोटी इथं लावून बघा. पाच जिवंत माणसं, पाचही जण कोर्टात जाऊ शकणारे, आणि तरी पेपरने छापलं. म्हणजे या बातमीपाशी पेपर स्वतःची मान घेऊन उभा होता.

पेपर जोखताना मी आणखी एक गोष्ट बघते, ती म्हणजे चुकल्यावर तो काय करतो. २०११ च्या जुलैमध्ये ‘गार्डियन’ने उघड केलं, की ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या रविवारच्या सनसनाटी पेपरने एका बेपत्ता, नंतर खून झाल्याचं कळलेल्या १३ वर्षांच्या मुलीच्या फोनवरचे निरोप चोरून ऐकले होते. देश हादरला. १६८ वर्षं चाललेला तो पेपर आठवड्याच्या आत बंद झाला आणि न्यायमूर्ती लेव्हसन यांची चौकशी बसली. पण त्या बातमीत आणखी एक गोष्ट होती: पेपरच्या माणसांनी काही निरोप पुसले, त्यामुळे ती जिवंत असल्याची आशा घरच्यांना वाटली. पोलिसांच्या तपासात हा भाग टिकला नाही. डिसेंबरमध्ये ‘गार्डियन’ने तशी दुरुस्ती छापली. आपल्या सर्वांत गाजलेल्या बातमीला स्वतःच कात्री लावायची, तीही विरोधक टपून बसलेले असताना! त्या पेपरात चुका दुरुस्त करणारं सदर रोज असतं आणि वाचकांच्या तक्रारी ऐकणारा वेगळा संपादक १९९७ पासून आहे. तुमच्या घरी येणाऱ्या पेपरात दुरुस्ती शेवटची कधी पाहिलीत, आठवून बघा.

एवढं सगळं ‘सन’ आणि ‘मेल’बद्दल सांगितलं, पण ताई, मला जास्त काळजी वाटते ती अशा कात्रणांची, जी कुठल्याच पेपरची नसतात. २९ जुलै २०२४ ला साउथपोर्टमध्ये, म्हणजे लिव्हरपूलच्या अगदी जवळ, नाचाच्या वर्गात घुसून एका मुलाने सुऱ्याने तीन लहान मुलींचा जीव घेतला. हल्लेखोर १७ वर्षांचा, त्यामुळे कायद्याप्रमाणे पेपर त्याचं नाव छापू शकत नव्हते. सगळे, अगदी ‘सन’सुद्धा, गप्प. त्या पोकळीत एक खोटं नाव फिरायला लागलं: हा बोटीतून आलेला निर्वासित आहे म्हणे. टीव्ही वाहिनीसारखं नाव धारण केलेल्या एका वेबसाइटने ते बातमी म्हणून चढवलं. मुलगा प्रत्यक्षात कार्डिफमध्ये जन्मलेला होता. त्याचं खरं नाव न्यायाधीशांनी उघड करायला परवानगी दिल्यावर सर्वांना कळलं, पण तोवर दंगली पेटल्या होत्या. ३ ऑगस्टला लिव्हरपूलमधल्या वॉल्टन भागातलं एक ग्रंथालय जाळलं गेलं. सनसनाटी पेपराला निदान पत्ता असतो, संपादक असतो, वकील असतो. या असल्या साइटला यातलं काहीच नसतं. भावजींच्या कात्रणावर पेपरचं नाव आणि तारीख नसेल, तर ते कात्रण आहे असं धरूच नका.

भावजींशी मात्र ग्रुपवर वाद घालू नका. आणि ‘लेक म्हणते तो पेपर फालतू आहे’ हे तर मुळीच म्हणू नका. पुतणीसमोर आणि सगळ्या भावंडांसमोर पडती बाजू घ्यायला कोण तयार होईल? फोन करा आणि त्यांना काम द्या. ‘भावजी, तुम्ही इंग्रजी पेपर वाचता, मला एवढं जमत नाही. कात्रण टाकाल तेव्हा खाली मराठीत तीन गोष्टी लिहाल का? कुठला पेपर, कुठली तारीख, आणि हे म्हणतंय कोण.’ वाचनाची आवड असलेला माणूस हे आनंदाने करेल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला त्यांना पूर्ण बातमी वाचावी लागेल. निम्मी कात्रणं ग्रुपवर यायच्या आधीच गळतील, आणि त्यासाठी तुम्हाला एक शब्दही बोलावा लागणार नाही. मनात येईल, हे जरा लबाडीचं आहे. आहेच, पण घरात इतपत चालतं.

मुलीलाही सकाळी कात्रण वाचल्या वाचल्या फोन लावत जाऊ नका. हिवाळ्यात तिचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. तुमच्या सकाळच्या आठला तिथं पहाटेचे अडीच वाजलेले असतात. त्या वेळी आईचा फोन वाजला, तर घाबरायची पाळी तिची येईल. रात्री निवांत बोला आणि ‘तिथं असं चाललंय का गं?’ असं विचारण्याऐवजी तिच्या रस्त्यावर, तिच्या बसमध्ये काय चाललंय ते तिलाच सांगू दे.

राहिला पैशांचा प्रश्न. तूर्त काही भरू नका. ‘गार्डियन’ फुकट वाचता येतो, बीबीसीही, आणि इंग्रजीचा कंटाळा आला तर बीबीसी मराठी आहे. लिव्हरपूलच्या रोजच्या घडामोडींसाठी ‘एको’ बघा. त्याच्या साइटवर जाहिरातींचा आणि नटनट्यांचा भडिमार आहे, तो ओलांडून खाली जावं लागतं. ‘टाइम्स’, ‘टेलिग्राफ’ आणि ‘फायनान्शियल टाइम्स’ यांना वर्गणी पडते, पण विद्यापीठाच्या ग्रंथालयातून असे पेपर विद्यार्थ्यांना बहुधा वाचायला मिळतात. एखादी मोठी बातमी पडताळायची असेल तर मुलीला तिथं बघायला सांगा. महिनाभर हे फुकटचं वाचून झाल्यावरही वर्गणी भरावीशी वाटली, तर ‘टेलिग्राफ’ घेण्याआधी भावजींना विचारा. त्यातली क्रिकेटची पानं त्यांना आवडतील, अर्धे पैसे तेच देतील.